सांभाळून घेणारे मास्तर

नवरदेवाला घोड्यावरून घेऊन निघालेला परण्या मारुतीच्या देवळाकडं वळला आणि भारतचं क्लॅरोनेट दुसऱ्या अंतऱ्यात घसरलं. वरचा सूर लागायच्या जागी चिर्र असा आवाज निघाला, कोंबडीचं पिल्लू पायाखाली सापडावं तसा. नवरदेवाच्या घोड्यानं कान टवकारले. पण लोकांना काही कळायच्या आत मी कॉर्नेट ओठाला लावलं होतं आणि तीच चाल वरून अशी उचलली, की नाचणाऱ्या पोरांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. एकानं तर खुशीत टोपी उडवली.

पुढं चाललेल्या वायदंडे मास्तरांनी मागं वळून पाहिलं. पांढरा कोट, खांद्यावर पिवळी झालर, हातात बँडमास्तरची काठी. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. आपल्या पोराकडं, भारतकडं बघितलं आणि मान डोलावली.

मला आतून गुदगुल्या झाल्या. मनात म्हणालो, डोलवा मास्तर, डोलवा. आज जेवढी डोलवाल तेवढी उद्या खाली घालायची आहे.

आता बँडवाल्यांची एक रीत सांगायला हवी, म्हणजे त्या गुदगुल्यांचा अर्थ लागेल. रस्त्यावर वाजवताना एखाद्याचा सूर गेला, दम तुटला, तर शेजारच्यानं तो सूर उचलायचा आणि गाडी पुढं न्यायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आमच्यात याला ‘सांभाळून घेणं’ म्हणतात. जो जास्त सांभाळून घेतो तो मोठ्या मनाचा. आणि सगळ्या विटा भागात वायदंडे मास्तरांएवढ्या मोठ्या मनाचा माणूस नव्हता. त्यांनी माझ्या भावाला सांभाळून घेतलं होतं. पार मरेपर्यंत.

माझा थोरला भाऊ जयवंता मास्तरांच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. त्याचं वाजवणं ऐकायला लोक लग्न नसलं तरी रस्त्याला येऊन उभे राहायचे. लग्नाची सुपारी देणारा यजमान टेंपोच्या मागं बँडवाल्यांसाठी एक बाटली ठेवायचा. तिला ‘मानाची’ म्हणत. जयवंता आधी एक घोट घ्यायचा. बँडात सगळेच म्हणत, पोटात घोट असला की फुंक गरम लागते. मग घोटाचे दोन झाले, मग बाटली त्याच्याच नावावर पडली. तो चुकायला लागला तसे मास्तर स्वतः कॉर्नेट घेऊन त्याच्या शेजारी चालायला लागले. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते एकट्या माझ्या वहिनीला, कारण रस्त्यावर झाकलेलं सगळं संध्याकाळी तिच्या उंबऱ्यात येऊन सांडायचं.

जयवंता रक्ताच्या उलट्या होऊन गेला. मसणवटीत सगळ्यात मोठ्यानं रडले ते मास्तर. छाती बडवून म्हणाले, “शेवटपतुर सांभाळलं रं मी माझ्या वाघाला!” आणि चार माणसं म्हणाली, मालक असावा तर असा. केसानं गळा कापलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि गळा कापणाऱ्याला हारतुरेही तिथंच मिळाले.

मी तेव्हा यंत्रमागावर होतो. माग सोडला, कॉर्नेट शिकलो आणि मास्तरांच्याच बँडात शिरलो. मास्तर दातानं आणि दमानं थकले होते, त्यांना कॉर्नेटवाला हवाच होता. “भावाच्या जागी हाईस,” म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो. दात धरून बसायचं तर शत्रूच्या घरात बसावं, तिथून सगळं नीट दिसतं.

आणि वाट बघून बघून मला दिसलं ते असं, की मास्तरांचा एकुलता एक पोरगा क्लॅरोनेट घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला, आणि त्याच लग्नसराईत टेंपोच्या मागं जायला लागला.

एकदा मी त्याला तिथं गाठलं. बाटली पाठीमागं लपवायला गेला आणि निम्मी सदऱ्यावर सांडली.

“केरूकाका, बाबांना सांगू नगा. पाया पडतो.”

“कशापायी घेतोस?”

“वरचा सूर न्हाई लागत. बाबा रोज म्हणत्यात, जयवंता असा लावायचा, जयवंता तसा लावायचा. घोट घेटला की भ्या वाटत न्हाई.”

पोर विशीतलं. मिसरूड नुकतं काळं झालेलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या आवाजात जेवढा गूळ होता तेवढा सगळा ओतला.

“तू बिनघोर वाजव. चुकलास तर मी हाय की. मी घेतो सांभाळून.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “लई उपकार झालं, काका,” म्हणाला. मला दया आली का, असं कुणी विचारेल. नाही आली. मला दिसत होते ते मसणवटीत छाती बडवणारे मास्तर, आणि त्यांना पुन्हा एकदा तसंच छाती बडवताना बघायचं होतं. या वेळी खरंखुरं. हात लावायचा नव्हता, शिवी द्यायची नव्हती. मास्तरांनी जे माझ्या भावाला दिलं, तेच मी त्यांच्या पोराला देणार होतो. जशास तसं, वर फुकटात.

लग्नसराईभर मी जीव तोडून वाजवलं. भारतची एकही चूक कधी रस्त्यावर पडू दिली नाही. लोक म्हणायला लागले, पोरगं जयवंतावर गेलं. मास्तरांची छाती कोटात मावेना.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आमच्या बँडाचे कोट शिवायला आणि झालरी लावायला शेवंतावहिनीकडं यायचे. जयवंता गेल्यावर तिनं शिलाईवरच पोट काढलं होतं. मास्तर दर दिवाळीला तिला लुगडं धाडायचे. ती ते घ्यायची आणि त्याची बोचकी बांधायची फडकी करायची. एकदाही नेसलेलं मी बघितलं नाही. एका सकाळी मी कोट न्यायला गेलो, तर तिनं मशीन थांबवलं.

“भावजी, काल भारत आला हुता. बटन लावाया.”

“बरं मग?”

“तोंडात वेलदोडा हुता.”

“आसंल. जेवला आसंल.”

“सकाळी?” ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. “तुमचा भाऊ बी वास लपवाया वेलदोडंच खायचा. पयल्या वर्साला. मग वेलदोड्यानं भागंना.”

मी कोटांची घडी घालायला लागलो. तिनं कोट माझ्या हातातून काढून घेतला.

“मी त्याला म्हनलं, मला दिसत न्हाई, येवढी सुई ओवून दे. गडी एका झटक्यात ओवून मोकळा. हात कापत न्हाई अजून. ह्यांना शेवटी सदऱ्याचं बटन घालता येत नव्हतं, मी घालायची. म्हंजी अजून टाइम हाय. आन् तुमी त्याच्या शेजारी उभं ऱ्हाता. तुमाला ठावं न्हाई आसं मला सांगू नगा.”

“ठावं हाय,” मी म्हणालो. “ठावं हाय म्हणूनच सांभाळून घेतोय.”

तिला कळायला वेळ लागला नाही. माझ्या घरात माझ्यापेक्षा शहाणी तीच होती. तिचा चेहरा असा झाला, की मी एक पाऊल मागं सरलो.

“त्याला मारताय तुमी.”

“मास्तरला मारतोय. मधी पोरगं येतंय, त्याला मी काय करू? माझा भाऊ बी मधीच आला हुता.”

“माझा नवरा हुता त्यो!” ती ओरडली. “सूड तुमाला पायजे आन् मला नगं? मी रोज उठून त्या मानसाला शिव्या देतीया, तवा तोंड धुती. पर तुमचा ह्यो कसला सूड? पोरगं दा वर्सांनी मरंल. मास्तर पुन्यांदा छाती बडवंल, लोक पुन्यांदा म्हनतील, बिचारा! तुमी त्याला अजून एक हार घालाया निगालाय.”

असा विचार मी केला नव्हता.

“मला त्यो जित्ता पायजे,” वहिनी म्हणाली. “जित्तेपनी कळाया पायजे त्याला, त्यानं काय केलं ते. जे मी घरात ऐकलं ते त्यानं भर रस्त्यात ऐकाया पायजे. सगळ्या पावन्यारावळ्यांम्होरं. सूड घ्यायचाय न्हवं? मग वाजवू नगा. कॉर्नेट खाली घ्या.”

मास्तरांच्या सख्ख्या भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं. सगळा गोतावळा जमणार होता, आजूबाजूच्या तालुक्यांतले बँडवालेही यायचे होते. मास्तरांनी स्वतःच आवतण फिरवलं होतं, “या, माझ्या पोराचं क्लॅरोनेट ऐकाया या.” बकरा स्वतःच्या पायानं खाटकाकडं येतो म्हणतात, तो असा.

परण्याच्या दिवशी ऊन चढायच्या आतच भारत टेंपोच्या मागं जाऊन आला. मारुतीच्या देवळापुढं ढोल थांबवायचे आणि क्लॅरोनेटवर एकट्यानं भजन धरायचं, ही मास्तरांच्या बँडाची खासियत. घोडा उभा राहिला. नवरदेव उतरला. बायका ओट्यावर दाटीनं उभ्या होत्या आणि त्यांत वहिनीही होती, कारण मास्तरांनी तिलाही मोठ्या मनानं आवतण दिलं होतं. मास्तरांनी काठी उचलली आणि ढोल बंद झाले.

भारतनं पहिली ओळ बरी धरली. दुसऱ्या ओळीला सूर डगमगला. त्यानं नेहमीप्रमाणं तिरक्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं.

मी कॉर्नेट काखेत धरलं आणि हात मागं बांधले.

तो वरच्या सुराला गेला. क्लॅरोनेट किंचाळलं. त्यानं पुन्हा फुंकलं, पुन्हा किंचाळलं. घोडा बिथरला, घोडेवाला लगामाला लोंबकळला. पोरं फिदीफिदी हसली. परगावचा एक बँडवाला मोठ्यानं म्हणाला, “आरं, ह्याची तर टाकी भरलीया!” मग मोठी माणसंही हसली. भारत मात्र फुंकतच राहिला, थांबायचं कसं ते जणू विसरला होता.

“केरबा! उचल!” मास्तर खेकसले. “उचल की रं!”

मी जागचा हललो नाही.

मास्तर धावत आले. माझ्या काखेतलं कॉर्नेट त्यांनी हिसकावून घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला लावलं. एवढी त्यांची सवय. पोरगं लाल डोळ्यांनी समोर झिंगतंय, त्याला धरावं, पाणी द्यावं, हे त्यांना सुचलं नाही. सुचलं ते झाकायचं. पण पुढचे दात कधीच गेले होते. कॉर्नेटातून नुसता वारा आला. फुसकन. बाप आणि पोरगा दोघे देवळापुढं उभे, एकाचं वाजत होतं ते ऐकवत नव्हतं आणि दुसऱ्याचं वाजतच नव्हतं. ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

त्या घटकेला मास्तरांचं तोंड मी डोळे भरून बघून घेतलं. खोटं कशाला बोलू, जेवणाच्या पंगतीत बुंदी होती, पण गोड मला तेव्हाच लागलं.

मास्तरांनी मला देवळाच्या मागच्या बाजूला ओढत नेलं. भारत तिथं भिंतीला टेकून बसला होता, क्लॅरोनेट मांडीवर.

“सूड घेटलास,” मास्तर म्हणाले.

“घेटला.”

“कसला रं सूड? काय वाकडं केलं मी तुझं? तुझ्या भावाला पोटच्या पोरावानी...”

“म्हना की,” मागून वहिनीचा आवाज आला. ती ओट्यावरून उतरून आली होती. “पोटच्या पोरावानी काय?”

“सांभाळून घेटलं, शेवंता! तुला ठावं न्हाई? त्याच्या एका बी सुपारीत मी त्याची बेअब्रू हू दिली न्हाई.”

“त्यो पयल्यांदा आसा चिरकला, तवाच तुमाला कळलं हुतं न्हवं?”

मास्तर गोंधळले. “कळलं हुतं की. माझा कान हाय.”

“किती आधी? मरायच्या?”

“लई आधी. पयल्याच वर्साला.”

“मग मला का न्हाई सांगितलं? मी लग्न हून नवी आले हुते. ह्यांच्या तोंडात वेलदोडा का आसतो ते बी मला कळत नव्हतं. येक शबूद टाकला आसता, तर मी त्यांचा हात धरून त्यांना म्हायेराला न्हेलं आसतं. माझ्या बापाच्या मळ्यात ठेवलं आसतं. का न्हाई सांगितलं?”

मास्तर जे बोलले ते त्यांना बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही सापडलं नाही.

“सराई चालू हुती,” ते म्हणाले.

मास्तरांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. ते हळूच खाली बसले, पांढऱ्या कोटासकट मातीत. मी इतकी वर्षं त्यांना खुनी म्हणत होतो, पण खुनाचं कारण मला त्या दिवशी कळलं. लग्नाच्या तिथी होत्या, म्हणून.

भारत मान वर करून म्हणाला, “पर काकी, जयवंताकाका तर शेवटपतुर वरचा सूर लावायचा. बाबा सांगत्यात. लोक बी सांगत्यात.”

“न्हाई लावायचा,” वहिनी म्हणाली. “त्यो सूर तुझ्या बापाच्या कॉर्नेटचा हुता.”

पोरगं बापाकडं बघत राहिलं. बापानं मान वर केली नाही. ज्या सुराच्या धाकानं ते बाटलीकडं गेलं होतं, तो शेवटपर्यंत टिकलेला सूर क्लॅरोनेटचा नव्हताच. भारतला हुंदका फुटला. “मला थांबायचं हुतं, काकी. परतेक बारीला वाटायचं, आज कुनीतरी रागं भरंल. कुनीच न्हाई भरलं.”

वहिनीनं त्याचा कान धरून त्याला उभं केलं. “मी भरते. रोज सकाळी क्लॅरोनेट घिऊन माझ्याकडं यायचं. न्याहरी माझ्या हातची, आन् दुपारपतुर वाजवायचं माझ्याम्होरं. चिरकू दे, बोंबलू दे, झाकायला कुनी न्हाई. टेंपोमागं जायाचं मन झालं, तर तेबी मलाच सांगायचं, मी वरडनार न्हाई. आन् ह्या सोमवारी मिरजंच्या डाक्टरकडं.”

मग ती मास्तरांकडं वळली.

“त्याला आनायचं तुमी. सोता. सायकलीवर बशीवून. आन् त्यो आत आसंपतुर तुमी भाईर पायरीवर बसायचं. उठायचं न्हाई. सराई आसू दे न्हाईतर सुतक.”

“आन् न्हाई आलो तर?” मास्तरांच्यात अजून थोडा मालक शिल्लक होता.

“तर समद्या बँडवाल्यांस्नी मी सांगीन, जयवंताचा सूर कुनाचा हुता ते. आन् का हुता ते बी.”

मास्तर आले. त्या सराईच्या उरलेल्या सगळ्या सुपाऱ्या त्यांना सोडाव्या लागल्या, तरी रोज आले. पुढच्या सुपाऱ्यांना त्यांनी ‘मानाची’ घेणं बंद केलं, आणि त्यावरून दोन गडी बँड सोडून गेले तेही गिळलं. डॉक्टरनं भारतला तपासून वहिनीला म्हटलं, बाई, लवकर आणलंत, अजून काही बिघडलेलं नाही. ते ऐकून वहिनी परतीच्या गाडीत विट्यापर्यंत रडली. पोराला वाटलं आनंदानं रडते. मला खरं कारण माहीत होतं, पण मी खिडकीबाहेर बघत बसलो.

भारत काही एका दिवसात सुधारला नाही. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं स्वतः येऊन सांगितलं, आणि वहिनीनं शब्दाप्रमाणं आवाज चढवला नाही, भाकरी वाढली आणि क्लॅरोनेट पुढं ठेवलं. मीही जायचो. मला सूर समजतो, म्हणून कुठं चुकतंय ते सांगायचो. पश्चात्ताप वगैरे होऊन जात नव्हतो. मला पायरीवरचे मास्तर बघायचे असायचे. ऊन तोंडावर यायचं तेव्हा ते डोक्यावर रुमाल टाकायचे. आतून पोराचं एक एक चिरकणं त्यांच्या कानावर पडायचं आणि त्यांचा हात आपोआप तोंडाकडं जायचा, कॉर्नेट नसतानाही. वहिनीनं त्यांना कधी पाणी विचारलं नाही. शेजारणी म्हणायच्या, शेवंता, म्हातारा माणूस गं, एवढं निबर होऊ नये. वहिनी मशीन चालवत राहायची.

पुढं भारत चांगला वाजवायला लागला. जयवंतासारखा नाही, स्वतःसारखा. वरच्या सुराला जाताना जरा थांबायचा, बघून पाऊल टाकल्यासारखा, आणि मग लावायचा. त्याचं लग्न ठरलं, तेव्हा होणारी बायको सगळ्यात आधी वहिनीच्या पाया पडायला आली.

त्या दिवशी मास्तर पायरीवरून उठले. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीचा आधार घेत दारात उभे राहिले. डोळे भरलेले होते. मला वाटलं, आता वहिनी विरघळणार.

“शेवंता,” मास्तर म्हणाले, “पोरगं मार्गाला लागलं. तुझ्यामुळं. लई मोटं मन तुझं. आता आमी जाऊ न्हवं? सुटी दे आमाला.”

वहिनीनं सुईत दोरा ओवला. दातानं तोडला.

“भारतला दिली,” ती म्हणाली. “त्यानं उद्यापास्नं न्हाई आलं तरी चालंल. तुमी मातुर येत ऱ्हायचं.”

मास्तर हळूहळू खाली उतरले आणि पोराच्या सायकलीवर मागं बसून घरी गेले. मी म्हणालो, वहिनी, कशाला येतोय आता, पोरगं सुधारलं, धाक तर संपला. तिनं मशीन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चालत आले. एकटेच. पायरीवर बसले, डोक्यावर रुमाल टाकला, आणि आतून क्लॅरोनेट ऐकू येत नव्हतं तरी दुपारपर्यंत बसून राहिले.